एक जूनच्या आत डिलीट करा

आमच्या प्रेसमध्ये वर्षाला चार-पाच तरी गिऱ्हाईकं 'सापाची पत्रकं' छापायला यायची. ज्यांनी बघितली नाहीत त्यांच्यासाठी सांगते, पोस्टकार्डाएवढा पिवळा नाहीतर गुलाबी कागद, वर देवाचं नाव, खाली मजकूर की अमुक देवळात पुजाऱ्याला साप दिसला, सापानं माणसाचं रूप घेतलं आणि सांगितलं की जो कोण ही पत्रकं छापून वाटील त्याचं भलं होईल, एकानं पाचशे वाटली त्याला लॉटरी लागली, एकानं फाडून टाकलं त्याचा पोरगा गेला. लोक घाबरून यायचे आणि बाबा शांतपणे विचारायचे, "दोनशे काढू की पाचशे? पाचशेला रेट कमी पडतोय." मजकूर आमच्याकडं कंपोज करून ठेवलेलाच असायचा, फक्त देवाचं नाव बदलायचं. गिऱ्हाईक पायरी उतरलं की बाबा हसायचे. तर हा असा माणूस, ज्याला या धंद्यातली सगळी मेख ठाऊक, तो मे २००१ मध्ये एका मेलला फसला आणि फसताना मला, आईला आणि तीस-चाळीस लोकांना बरोबर घेऊन फसला, त्याची ही गोष्ट.

प्रेस शहापुरात, पुढं मशीन मागं घर. बेळगावातलं प्रेस म्हणजे दोन्ही भाषांचं काम, लग्नपत्रिका मराठीत, पावतीपुस्तकं कानडीत, काही काही पत्रिका तर एका बाजूला मराठी एका बाजूला कानडी, कारण नवरी हुक्केरीकडची नाहीतर धारवाडची. कॉम्प्युटर १९९९ ला घेतला, असेंबल केलेला, विंडोज ९८, पानं लावायला पेजमेकर आणि मराठी-कानडी फॉन्टसाठी श्रीलिपी. श्रीलिपीसाठी पाठीमागं प्रिंटरच्या पोर्टला एक लॉक लावायला लागायचं, ते लॉक नसलं तर फॉन्टच चालायचे नाहीत, म्हणून बाबा रोज रात्री ते काढून कपाटात आईच्या बांगड्यांच्या डब्यात ठेवायचे. हे सांगायचं कारण एवढंच की त्या मशीनवर आमचं पोट होतं, खेळायला घेतलेलं नव्हतं ते.

इंटरनेट आलं २००० च्या दिवाळीनंतर. पुण्याचे मोठे मामा बँकेतून रिटायर झालेले, त्यांनी मेल आयडी काढला आणि फोन करून करून आमच्या मागं लागले की तुम्ही पण घ्या, पत्रिकेची प्रूफं मेलवर पाठवता येतील. (प्रूफं कधीच मेलवर गेली नाहीत. एक एमबीची फाईल जायला चार-पाच मिनिटं, मध्येच लाईन कट झाली की परत पहिल्यापासून, त्यापेक्षा गिऱ्हाईक सायकलवरनं येऊन बघून जायचं.) मोडेम आत बसवलेला, ५६ के लिहिलेला, खरं कनेक्ट व्हायचा कधी २८ ला कधी ३३ ला. तो आवाज आठवतोय ना, आधी डायल टोन, मग नंबर फिरल्याचा, मग ते ट्यँव-खर्रर्र-टुंग-टुंग, आणि एकदम शांत. शांत झालं की बाबा घड्याळ बघायचे. तीन मिनिटाला एक कॉल पडायचा, वर पॅकमधले तास जायचे ते वेगळेच, आणि तेवढा वेळ फोन एंगेज. "तुमचा फोन कधी लागतच नाही की ओ," असं निम्म्या गिऱ्हाईकांनी ऐकवून झालं होतं. मग आमची पद्धत अशी ठरली की मेल आधी आउटलुक एक्स्प्रेसमध्ये बसून निवांत टाईप करायचे, सगळे जमले की कनेक्ट करायचं, सेंड-रिसीव्ह दाबायचं, आलं-गेलं की लगेच तोडायचं. आणि टाईप सगळं इंग्लिश अक्षरात, कारण श्रीलिपीत लिहिलेलं समोरच्याकडं नुसतं खडेवाळू दिसायचं. घरात आपल्या भाषेचं प्रेस आणि मामाला पत्र लिहायचं ते इंग्लिश अक्षरात, यावर आई फार चिडायची.

व्हायरस म्हणजे काय हे आम्हाला माहिती नव्हतं असं कोणी समजू नये. उलट थोडं माहिती होतं म्हणून तर घात झाला. २६ एप्रिल १९९९ ला तो चेर्नोबिल व्हायरस उठला होता, सीआयएच, तैवानच्या एका विद्यार्थ्यानं केलेला. तो आधी महिनोन्‌महिने गप्प बसून राहायचा आणि त्या तारखेला हार्डडिस्कवरचं पुसायचा, काही मशीनमध्ये तर मदरबोर्डवरच्या बायोस चिपमध्येच कचरा लिहायचा, मग मशीन चालूच व्हायचं नाही. टिळकवाडीतले एक ओळखीचे अकाउंटंट, त्यांचे दोन कॉम्प्युटर त्या सकाळी गेले ते गेलेच. आम्ही कॉम्प्युटर घेतला त्याच्या दुसऱ्याच महिन्यात, त्यामुळं दुकानदारानं अर्धा तास हीच गोष्ट सांगितली. मग मे २००० मध्ये तो लव्ह लेटरवाला, मनिलातनं निघालेला, पेपरात पहिल्या पानावर. म्हणजे 'अमुक तारखेला उठणारा व्हायरस' ही आमच्यासाठी सापाची गोष्ट नव्हती. ती शेजारी घडलेली गोष्ट होती.

मेल आली मेच्या शेवटच्या आठवड्यात. लग्नसराई जोरात, प्रेसमध्ये पाय ठेवायला जागा नाही, दोरीवर स्क्रीनप्रिंटिंगच्या पत्रिका वाळत घातलेल्या. रात्री साडेनऊला सेंड-रिसीव्ह केलं आणि मोठ्या मामांची मेल, सब्जेक्टमध्ये 'अर्जंट' आणि पुढं चार उद्गारचिन्हं. वर मामांची एक ओळ, मला आला होता, मी काढून टाकला, तुम्ही पण लगेच बघा. खाली मूळ मजकूर, सगळा मोठ्या अक्षरात इंग्लिशमध्ये, की एक व्हायरस मेलमधून पसरतोय, कुठल्याच अँटीव्हायरसला सापडत नाही, आत गप्प बसून राहतो आणि १ जूनला उठून हार्डडिस्क पुसतो. तुमच्याकडं असेलच. स्टार्टला जा, फाईंडला जा, एस-यू-एल-एफ-एन-बी-के डॉट ई-एक्स-ई टाका, सापडली तर डबल क्लिक करू नका, डिलीट करा, रिसायकल बिन रिकामा करा, आणि ज्यांना ज्यांना तुम्ही मेल पाठवली त्या सगळ्यांना कळवा, त्यांच्याकडंही गेला असणार.

बाबा पहिल्यांदा म्हणाले, "सापाचं पत्रक दिसालंय हे."

हे मी स्वतः ऐकलंय. पहिली प्रतिक्रिया बरोबर होती त्यांची. खरं आई मागनं म्हणाली, "मी सांगतो तुम्हाला, दादा उगंच लिहिणार नाही. बँकेत तीस वर्षं काढलीत त्यानं." (आमच्याकडं बायका 'मी जातो, मी सांगतो' असंच बोलतात, कॉलेजला पुण्याच्या एका पोरीनं मला यावरनं फार छळलं होतं, ते असू दे.) आता मामांचा मेल खोटा म्हणायचं म्हणजे आईच्या दादाला खोटं पाडायचं, आणि रात्री साडेनऊला उपाशीपोटी तेवढी हिंमत कोण करणार. बाबा म्हणाले, बघूया तर, शोधून बघायला काय जातंय.

शोधलं. हिरवट भिंग गोल गोल फिरलं, आणि खाली एक ओळ आली. सी, विंडोज, कमांड, आणि ती फाईल.

तो क्षण मला आजही आठवतोय, पोटात खड्डा पडणे म्हणजे काय ते. आणि तिचा आयकॉन पण असला, बाकीच्या फाईली कशा नीटनेटक्या चौकोनी, हिचं आपलं काळं, वेडंवाकडं, बघूनच वाटावं हे आपलं नव्हे. कॉलेजात बीएस्सीला होते तरी माझ्या डोक्यात हे आलं नाही की ही फाईल सगळ्यांकडंच असेल तर? कुडमुड्या जोशी दारात येऊन म्हणतो ना, या घरात एकाला रात्री झोप लागत नाही, आणि घरातली बाई लगेच आत बघून म्हणते, होय हो महाराज, कसं ओळखलं. तशातली गत. विंडोज ९८ च्या प्रत्येक मशीनमध्ये ती फाईल मायक्रोसॉफ्टनंच ठेवलेली होती, लांब नावं असलेल्या फाईलींची नावं सांभाळून परत बसवायचं कधीमधी लागणारं हत्यार. रोजच्या कामाला लागतच नाही, म्हणून काढून टाकली तरी काही बिघडत नाही, आणि काही बिघडलं नाही की माणसाला वाटतं, वाचलो. देवीचं पत्रक वाटलं आणि काही झालं नाही, म्हणजे वाटल्यामुळंच झालं नाही. तेच.

मशीन पुसत उभा असलेला आमचा मशीनमन, बैलहोंगलकडचा, चाळीस वर्षं शाईत हात घातलेला, त्याला बाबांनी सगळं कानडीत समजावून सांगितलं. तो स्क्रीनकडं न बघताच म्हणाला, "एनू आगंगिल्ल, सुम्न बिड्री." काही होत नाही, गप सोडून द्या. त्या रात्री त्या खोलीत एकट्याचंच बरोबर होतं आणि त्याला कॉम्प्युटर कुठनं चालू करायचा हे सुद्धा माहिती नव्हतं.

डिलीट मी केलं. बाबांनी उदबत्ती लावली नाही एवढंच. रिसायकल बिन रिकामा केला, आणि मग पुढचं कलम, सगळ्यांना कळवा. आउटलुक एक्स्प्रेसची एक खोड होती, तुम्ही ज्याच्या मेलला उत्तर द्याल त्याचा पत्ता न विचारता ॲड्रेस बुकात घालून ठेवायचं. सहा महिन्यात एकतीस नावं जमली होती, त्यात नातेवाईक, कागदाचा व्यापारी, एक शाळा, पत्रिकेची चौकशी केलेले आणि परत कधीच न आलेले. सगळ्यांना एका फटक्यात. 'मोठ्या मामांच्या ओळखीच्यांकडून खात्रीशीर समजले' असं मी वर घातलं, हे मूळ मेलमध्ये नव्हतं, माझ्या पदरचं होतं. आणि मग बाबांचा जीव राहवेना, ज्यांच्याकडं कॉम्प्युटर आहे खरं मेल नाही अशांना त्यांनी डायरी काढून फोन लावायला सुरुवात केली. रात्री साडेदहापर्यंत लोकांना झोपेतनं उठवून स्पेलिंग सांगत होते. "एस, यू, एल... एल म्हणजे लाडूचा एल ओ." मेलमधून पसरणाऱ्या व्हायरसचा इशारा मेलच नसलेल्या माणसांना. हे विसंगत आहे हे आमच्यापैकी कोणाच्याही लक्षात आलं नाही, त्यांच्याही नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तरं बघितली. सहा जणांनी आभार मानले होते, चौघांनी 'आमच्याकडं पण निघाली, काढली' असं कळवलं होतं, बाबा जरा छाती काढून बसले. अकरावी मेल माझ्या मैत्रिणीच्या भावाची, इथल्या जीआयटी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकून बेंगळूरला नोकरीला लागलेला, त्याच्या बहिणीची पत्रिका आमच्याकडंच छापलेली. मेल दोन ओळींची. हे होक्स आहे काका, ती विंडोजचीच फाईल आहे, आणि सोबत सिमँटेक या अँटीव्हायरसवाल्या कंपनीच्या पानाचा पत्ता, तिथं त्याच फाईलचं नाव घेऊन लिहिलं होतं की ही अफवा आहे. बाबांनी ते पान तीन वेळा वाचायला लावलं मला, मीटर पडत असताना. मग काही न बोलता उठून मशीनकडं गेले आणि उगंचच रोलर पुसत बसले.

आता फाईल परत आणायची. रिसायकल बिन तर आम्ही सुचनेप्रमाणे रिकामा केलेला. मोठ्या मनाचा एक गिऱ्हाईक म्हणाला मी माझ्यातली मेल करतो, त्याला आम्ही हो म्हणणार इतक्यात बेंगळूरवाल्यानं फोनवर थांबवलं, कारण त्याच मार्चपासून मॅजिस्टर नावाचा एक खराखुरा व्हायरस फिरत होता, तो मशीनमधल्या ईएक्सई फाईलींना लागायचा आणि त्यातलीच एखादी मेलला जोडून आपणहून पाठवायचा, त्यात ही फाईल पण असायची. म्हणजे बघा, आपल्या मशीनमधली फाईल निर्दोष, मेलला जोडून आलेली तीच फाईल मात्र धोक्याची. खोट्याच्या शेजारी खरं इतकं चिकटून बसलेलं.

विंडोजची सीडी आमच्याकडं नव्हती, असेंबल करून देणाऱ्यानं दिलीच नव्हती, त्यामुळं हिंदवाडीतल्या एकांकडनं मागून आणली. स्टार्ट, रन, एस-एफ-सी. सिस्टीम फाईल चेकर नावाची खिडकी उघडते, त्यात दुसरा पर्याय की इन्स्टॉलेशन डिस्कवरनं एकच फाईल काढा. पूर्ण पत्ता टाकायचा, सी, विंडोज, कमांड, आणि नाव. मग कुठनं आणायची ते विचारतं, सीडीतला विन ९८ फोल्डर दाखवायचा, कुठं ठेवायची ते परत सांगायचं. मी पहिल्यांदा नाव टाकताना एक अक्षर चुकवलं, मग 'सापडत नाही' आलं, बाबांचा चेहरा पडला. दुसऱ्यांदा झालं. परत फाईंड लावलं, परत तेच काळं वेडंवाकडं चित्र आलं, आणि काल ज्याला बघून पोटात खड्डा पडलेला त्याला बघून आज हायसं वाटलं.

मशीनचं निस्तरलं अर्ध्या तासात. माणसांचं निस्तरायला पुढचे पंधरा दिवस गेले. एकतीस जणांना माफीची मेल गेली, खरं गंमत अशी की पहिल्या मेलला उत्तर देणारे दहा-अकरा आणि माफीच्या मेलला एकच, कागदाचा व्यापारी, त्यानं लिहिलं 'ओके, पण रिस्क नको म्हणून परत टाकत नाही.' मोठ्या मामांना कोण सांगणार यावर घरात दोन दिवस तह चालला होता. शेवटी आईनंच फोन केला, इकडतिकडचं विचारून झाल्यावर हळूच म्हणाली, "दादा, ती फाईल चांगली होती म्हणे रे." पलीकडं बराच वेळ शांतता. मामांनी ती मेल त्यांच्या बँकेच्या जुन्या मंडळींना मिळून साठ जणांना पाठवली होती.

सगळ्यात वाईट झालं ते खानापूरला. तिथले एक फोटोस्टुडिओवाले काका, आम्हाला लग्नपत्रिकांची गिऱ्हाईकं धाडायचे, त्यांना बाबांनी रात्री फोन केलेला. त्यांच्याकडं कॉम्प्युटर होता, इंटरनेट नव्हतं, मोडेमसुद्धा नव्हता. त्यांना स्वतःला शोधायला जमेना म्हणून त्यांनी कॉम्प्युटरवाल्या पोराला बोलावलं, त्यानं फाईल दाखवली, आणि आता एक सापडली म्हणजे आत आणखी किती असतील सांगता येत नाही म्हणून सरळ फॉरमॅट मारला, चारशे रुपये घेऊन. गेलं काय, तर उधारी. दोन सीझनची उधारी, कुणाच्या अल्बमचे किती, कुणाच्या व्हिडिओचे किती, सगळं एका एक्सेलच्या फाईलीत, वही त्यांनी कॉम्प्युटर आला म्हणून बंद केलेली.

बाबा एका रविवारी लाल बसनं खानापूरला गेले, मी पण गेले. काका काही बोलले नाहीत, चहा मागवला. मग ड्रॉवरमधनं एक शाळेची वही काढून दाखवली, आठवून आठवून लिहिलेली, नावापुढं गाव, गावापुढं रक्कम, आणि काही रकमांपुढं प्रश्नचिन्ह. नंदगडचे एवढे, कणकुंबीचे एवढे, बिडीचे एक प्रश्नचिन्ह. "काही जण आपणहून येऊन देऊन गेले की ओ," ते म्हणाले, "काहींना कुठनं कळलं कोणास ठाऊक, ते रस्ता बदलालेत." बाबांनी त्यांना बिलबुकं छापून दिली, दहा, नंबर घातलेली, दोन कार्बन कॉपीची, पैसे घेतले नाहीत. एवढंच करता येण्यासारखं होतं. येताना बसमध्ये बाबा म्हणाले, सापाची पत्रकं मी किती छापली असतील गं. मी म्हटलं, हजारात. त्यावर काही बोलले नाहीत, खरं त्यानंतर तो कंपोज केलेला मजकूर मला मशीनमध्ये कधी दिसला नाही. त्यांनी काढून टाकला की कुठल्या फोल्डरात सरकवला, मी विचारलं नाही. गिऱ्हाईक आलं की "मशीन बिझी आहे" म्हणायचे, ते गिऱ्हाईक मग दोन गल्ल्या सोडून दुसऱ्या प्रेसला जायचं.

पुढच्या वर्षी, २००२ च्या उन्हाळ्यात, परत तसलीच मेल आली. यावेळी फाईलचं नाव जे-डी-बी-जी-एम-जी-आर, आणि मजकुरात लिहिलेलं की तिचा आयकॉन छोट्या अस्वलाचा आहे, चौदा दिवसांनी उठतो. शोधलं तर खरंच अस्वल, करड्या रंगाचं, कान वर करून बसलेलं. ती पण मायक्रोसॉफ्टचीच, जावाच्या प्रोग्रॅमवाल्यांना लागणारी. धाकटा भाऊ तेव्हा पाचवीत, त्याला ते इतकं आवडलं की रोज शाळेतनं आला की फाईंड लावून बघायचा.

आणि त्याच आठवड्यात खानापूरहून काकांचा फोन. आता त्यांच्याकडंही नेट आलेलं. आवाज एकदम दबका, "अहो, तुमच्यात अस्वल दिसालंय काय बघा की जरा."

बाबा म्हणाले, "दिसालंय की. तुमच्यात?"

"आमच्यात पण आहे."

"राहू दे तिथंच. आणि त्या पोराला तेवढं बोलवू नका."